खरवडचित्रे आणि आपली बालवाडी

(संस्थेच्या बालवर्ग व प्राथमिक शिक्षकांच्या सहविचार सभेत केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे वाढवून)



सभेत मला अर्धा तास मिळाला होता. त्यातली वीस मिनिटे आपण सर्वांनी मिळून पुठ्ठे रंगविण्यात घालविली, त्यामुळे भाषण असे फारसे झालेच नाही. छापील पानावर हाताने करून दाखविता येत नाही, तेव्हा जे केले ते आता शब्दांत सांगण्यावाचून गत्यंतर नाही. वाचणाऱ्याने शक्य झाल्यास एक जुनी लग्नपत्रिका आणि मेणखडूंची डबी जवळ घेऊन बसावे.

विषय साधा आहे. जाड कागदावर उजळ मेणखडूंचा दाट थर द्यावयाचा, त्यावर काळा रंग फासावयाचा, आणि तो वाळला की बोथट काडीने खरवडून चित्र काढावयाचे. काळ्याखालून तांबडी, पिवळी, हिरवी रेघ उमटत जाते. इंग्रजी शाळांतून याला 'स्क्रॅच आर्ट' म्हणतात. मी खरवडचित्र म्हणतो. आमची मुले 'जादूवाला कागद' म्हणतात, आणि खरे तर तेच नाव अधिक बरे आहे.

मराठी शिकविणाऱ्या माणसाला बालवर्गातल्या रंगांची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. मी पाचवीपासून पुढच्या वर्गांना मराठी शिकवितो. आपल्या नवघरच्या मुलांच्या हाताला किती दिशा सांभाळाव्या लागतात, याचा आपण फारसा विचार करीत नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहावयाची. मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. त्यात मराठीच्या डोक्यावर शिरोरेघ. संध्याकाळी अरबी कायदा घेऊन बसले की बोट पुन्हा उजवीकडून सरकू लागते. एवढे सगळे सांभाळणारी मुले हुशारच म्हणावी लागतील. पण पाचवीत येणारी काही मुले लेखणी मुठीत आवळून धरतात, मागच्या पानावर अक्षरे उमटतील इतकी दाबून लिहितात, आणि दहा ओळी झाल्या की हात झटकू लागतात. 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर तोंडी विचारा, नवघर रोडवर पाणी कसे तुंबले इथपासून पाच मिनिटे सुरेख बोलतील. लिहावयास सांगा, चार वाक्ये होतात. परीक्षेत गुण तोंडाला मिळत नाहीत, ते हाताला मिळतात. अशी मुले हळूहळू 'मराठीत कच्ची' ठरतात, आणि एकदा ठरली की स्वतःही तसेच समजू लागतात. मला खटकते ते हे.

याचे मूळ शोधीत मी खाली खाली उतरत बालवर्गापर्यंत पोहोचलो. तेथे चार वर्षांच्या मुलांपुढे चौकटीच्या वह्या असतात. एक ते शंभर, ए ते झेड, अलिफ ते ये. शिक्षिकांना दोष देण्यात अर्थ नाही. वही भरलेली दिसली नाही तर पालक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतात. फी भरली आहे, तिचा हिशेब त्यांना वहीत हवा असतो. वस्तुतः त्या वयात मनगट आणि बोटे अजून पुरती तयार झालेली नसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून व कृतीतून शिकण्यावर भर दिलेला आहे. धोरण येऊन गेले, वह्या भरतच आहेत.

त्या वह्यांबरोबर आणखी एक वस्तू मुलांच्या हाती येते, ती म्हणजे खोडरबर. माझे त्याच्याशी जुने वैर आहे. चार वर्षांचे मूल एक रेघ काढते, बाईंकडे पाहते, आणि बाईंनी भुवई उचलण्यापूर्वीच खोडू लागते. कागद फाटेपर्यंत खोडते. लिहिण्याआधी पुसावयास शिकलेला हात पुढे धीटपणे लिहील कसा? खरवडचित्रात पुसण्याची सोय नाही. खरवडलेले ते खरवडले. रेघ वाकडी गेली तर तिला पाने फुटतात, नाहीतर तिचा साप होतो, नाहीतर ती रेल्वेचा रूळ होते. आणि त्या वाकड्या रेघेतही रंग तितकाच उजळ निघतो, हे मुलाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

ही कल्पना परदेशातून आलेली आहे असे कोणी समजू नये. जुन्या पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ किंवा विटेची भुकटी पसरून मुले काडीने अक्षरे काढीत. धूळ बाजूला सरे, खालची पाटी दिसे, आणि अक्षर तयार होई. ती धूळपाटी, आणि त्यावर गिरवावयाची ती धुळाक्षरे. मराठीत आजही एखाद्या गोष्टीचा आरंभ करण्याला 'धुळाक्षरे गिरविणे' म्हणतात. कागद आणि शाई महाग, म्हणून ती युक्ती निघाली असेल. पण तिच्यात लहान हाताला सोसेल असा गुण होता. काडीला थोडा अडथळा होतो, त्यामुळे हात घसरत नाही, आणि काय काढले ते तत्काळ दिसते. गुळगुळीत कागदावर टोकदार पेन्सिल यापेक्षा अवघड जाते. मोबाईलच्या काचेवर बोट फिरविण्यात तर अडथळा उरतच नाही, म्हणून त्यातून हाताला व्यायामही घडत नाही.

खाली कोकणात उतरलात तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या सड्यांवर कातळशिल्पे पाहावयास मिळतात. जांभ्याच्या काळवंडलेल्या कातळावर कोणी अज्ञात माणसांनी हत्ती, मासे, माणसे कोरून ठेवली. राजापूर तालुक्यात कशेळीला एक अवाढव्य हत्ती आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. २०२२ मध्ये या शिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समावेश झाला. दुसऱ्या बाजूला, मराठी मुलखाला लागून असलेल्या बिदरचे बिदरीकाम घ्या. जस्त आणि तांबे यांचे भांडे ओततात, घासून गुळगुळीत करतात, आणि त्यावर मोरचुदाचे पाणी चोळून ते तात्पुरते काळे करतात. ते कशासाठी? काळ्यावर टोकदार सळईने ओरखडलेली नक्षी पांढरी उठून दिसावी, एवढ्यासाठी. त्या रेघांवरून मग छिन्नीने खोदतात, चांदीची तार ठोकून बसवितात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या गरम पाण्यात भांडे घालून कायमचे काळे करतात. त्या मातीने जस्ताचे भांडे काळे होते, चांदी मात्र पांढरीच राहते. म्हणजे बहमनी काळापासून चालत आलेल्या या कारागिरीची पहिली पायरी आणि आपल्या बालवर्गाचा जादूवाला कागद यांत तत्त्वाचा फरक नाही.

असो. इतिहास पुरे, कृतीकडे वळू.

पुठ्ठा आधी पाहू. साधा वहीचा कागद घेऊ नये, तो ओला होऊन गुंडाळतो आणि काडीने फाटतो. सदऱ्याच्या पाकिटातला पुठ्ठा, मिठाईच्या खोक्याची झाकणे, लग्नपत्रिकांची कोरी बाजू, हे सर्व उत्तम. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितकी रेघ स्वच्छ निघते. आकार पोस्टकार्डाएवढा, म्हणजे चौदा बाय नऊ सेंटिमीटर, त्याहून मोठा नको. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मोठा कागद दिला की मूल रंग भरता भरताच थकते आणि मधे पांढरी बेटे सोडते. जेथे मेण नाही तेथे काळा रंग कागदात मुरतो आणि कितीही खरवडला तरी निघत नाही. उलट कागदाचाच लगदा वर येतो. तेव्हा 'घट्ट भर, पांढरे दिसू देऊ नकोस' एवढी एकच सूचना द्यावी. याच कामात मनगटाला खरा व्यायाम होतो. मेणखडूंचे तुटके तुकडे अधिक चांगले, कारण तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो तीन बोटांतच धरावा लागतो.

खडू उजळ रंगांचे घ्यावेत. पिवळा, नारिंगी, गुलाबी, पोपटी, आकाशी. गडद निळा आणि तपकिरी काळ्याखालून उठून दिसत नाहीत. मेणखडू पुरेसे नसतील तर दुसरा मार्ग आहे. जुन्या दिनदर्शिकेचे किंवा मासिकाचे रंगीत पान पुठ्ठ्यावर चिकटवावे आणि त्यावर पांढरी मेणबत्ती सर्वत्र दाबून घासावी. रंग खालच्या छपाईचा, मेण मेणबत्तीचे. खर्च जवळपास नाहीच.

आता काळा रंग. येथेच बहुतेकांचे बिघडते. बाटलीतला पोस्टर कलर नुसता लावला तर तो मेणावर ठरत नाही, थेंब थेंब होऊन गोळा होतो, तेलकट ताटावर पाणी गोळा व्हावे तसा. त्यावर उपायही ताट घासण्याचाच. भांडी घासावयाचा पातळ साबण रंगात मिसळावा. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला, मेणाला धरते. त्यामुळे रंग पसरतो आणि चिकटून बसतो. वाळल्यावर काडीने सहज सुटतोही. चार चमचे रंगाला एक चमचा साबण घेऊन सुरुवात करावी. तरीही रंग फाटत असेल तर दोन चमच्यांपर्यंत जावे. फेस होईल इतके घुसळू नये, बुडबुड्यांची भोके राहतात. पाणी जवळजवळ नकोच. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत, पहिला आडवा आणि तो सुकल्यावर दुसरा उभा. जाड थर वाळून कडक होतो आणि खरवडताना त्याचे पोपडे निघतात. रेघेऐवजी खड्डा पडतो.

वाळण्याविषयी एक गोष्ट नवघरकरांनी ध्यानात ठेवावी. आपण खाडीच्या काठी, मिठागरांच्या जमिनीवर राहतो. जून ते सप्टेंबर येथे पापड वाळत नाही, तेथे रंग काय वाळणार! सुट्टीच्या दिवशी लावलेला रंग दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतो. म्हणून हा उद्योग दिवाळीनंतर, थंडीत करावा. कोरड्या हवेत तासा-दोन तासांत काम होते. पावसाळ्यातच करावयाचे असेल तर रंगाचा नाद सोडून द्यावा आणि उजळ थरावर काळा मेणखडू दाबून घासावा. रेघ तितकी धारदार येत नाही, पण वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय डबीतला काळा खडू एरवी तसाच पडून असतो, तोही कामी येतो.

काडी बोथट हवी, याबाबतीत सवलत नाही. संपलेली बॉलपेन, आइसक्रीमच्या चपट्या काड्या, लाकडी चमच्याचा दांडा, तुटक्या फणीचा तुकडा, नाणे. फणीने एकाच वेळी पाच-सहा समांतर रेघा येतात आणि त्या पाहून मुले आनंदाने ओरडतात. दात कोरण्याची काडी, टाचणी, कर्कटक, खराट्याची काडी बालवर्गात आणू नये. पाटावर वर्तमानपत्र पसरावे. खरवडलेला भुगा मुले फुंकतात आणि तो शेजाऱ्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा फुंकावयाचे नाही, कागद टेकवून खाली झाडावयाचे, हे आधीच शिकवावे. शेवटी वर्तमानपत्र घडी करून टोपलीत टाकले की वर्ग स्वच्छ. तसेच वडिलांचा जुना सदरा उलटा, म्हणजे बटणे पाठीकडे घेऊन, गणवेशावर घालावा. हे न केल्यास दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तक्रारी शिक्षिकेने स्वतःच ऐकाव्या!

एक सूचना प्रमुख शिक्षिकांसाठी. रंग भरणे, काळे करणे आणि खरवडणे ही तीन कामे तीन वेगवेगळ्या दिवशी ठेवावीत. एकाच तासात सर्व उरकण्याचा हव्यास धरला की शिक्षिकाच पुठ्ठे रंगवून आणते आणि मुलांच्या हाती केवळ काडी येते. हल्ली बाजारात तयार कागदही मिळतात, खाली छापील इंद्रधनुष्य आणि वर काळा थर. दिसावयास फार छान. पण त्यात मुलाचे स्वतःचे असे काहीच दडलेले नसते. आपणच भरलेला पिवळा रंग परवा काळ्याखाली गेला, तो नेमका कोठे होता हे आज आठवत नाही, आणि काडी फिरविताच तो आपल्याला परत भेटतो, ही खरी गंमत आहे. ती विकत घेता येत नाही, आणि मुलाच्या वतीने ती दुसऱ्याने करण्यातही अर्थ नाही.

विषय कोणता द्यावा? काळा कागद म्हणजे रात्र, हे मुलांना सांगावे लागत नाही. खाडीच्या पुलावरून जाणारी रात्रीची लोकल आमच्या मुलांनी इतक्या तऱ्हांनी काढली आहे की त्या सर्व खिडक्या मोजल्या तर एक लांबलचक गाडी होईल. चांदरातीचा बारीक चंद्र, दिवाळीचे कंदील, गणपतीच्या मांडवाची रोषणाई, वीज गेल्यावर घरात लावलेली मेणबत्ती. मुली बहुधा मेहंदीची वेलबुट्टी काढतात. मोठ्या बहिणीच्या हातावर पाहिलेली कोयरी कागदावर उतरते. काही पालकांना सजीव प्राण्यांची, माणसांची चित्रे पसंत नसतात. त्यांच्याशी वाद घालीत बसण्याचे मला कधी कारण पडले नाही. वेल, जाळी, तारे, नौका, घुमट, कमानी, पूल, ही यादी चार वर्षांच्या मुलाला वर्षभर पुरून उरेल. ज्या घरची हरकत नाही त्या घरचे मूल मांजर काढील. एकाच पाटावर दोघे बसतात आणि एकमेकांची फणी मागून घेतात.

एका पालकांची गोष्ट सांगितली पाहिजे. हे गृहस्थ एका भांड्यांच्या दुकानात नावे घालण्याचे काम करतात. आपल्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने अनेक; लग्नाकार्यात द्यावयाच्या डब्यांवर, ताटांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरून घेण्याची आपल्याकडची चाल आपणास ठाऊकच आहे. मुलाची वही कोरी आणि खडू मात्र संपलेले, अशी तक्रार घेऊन ते आले होते. बाईंनी त्यांना एक काळा पुठ्ठा आणि बॉलपेन दिली. "भाई, आपण एक रेघ ओढून पाहा." त्यांनी रेघ ओढली नाही, मुलाचे नाव लिहिले. मराठीत, शिरोरेघेसह, एकदाही हात न उचलता, छापल्यासारखे. शाळा चौथीतच सुटलेला माणूस! मी म्हटले, "इतके वळणदार अक्षर कोठे शिकलात?" ते म्हणाले, "सर, भांड्यावर खोडता येत नाही. चुकले तर शेठ पगारातून कापतो. म्हणून आधी मनात लिहितो, मग हात चालवतो." आमच्या बी. एड.च्या वर्षात लेखनकौशल्यावर बरीच व्याख्याने झाली, पण इतके थोडक्यात कोणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून त्या मुलाची वही कोरी का, असे त्यांनी विचारलेले नाही. उलट दुकानातल्या खोक्यांचे पुठ्ठे ते मुलाबरोबर धाडतात.

आता, एवढ्याने पाचवीतली माझी सगळी मुले सुंदर लिहू लागतील असा माझा दावा नाही. हा काही रामबाण नव्हे. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटविणे, वाळूत बोट फिरविणे, यांच्यातलाच हा एक उद्योग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच काम चालले. महागडी परदेशी साधने बाजूला ठेवून दगड, शिंपले, पाने, बिया यांतून त्यांनी बालशिक्षणाची साधने उभी केली. बोर्डी-कोसबाड काही लांब नाही. भाईंदरहून आपल्याच पश्चिम रेल्वेने डहाणूच्या बाजूला गेले की आले. तेथे जे झाले ते येथे का होऊ नये? आपल्या अवतीभवती शिंपले नसतील, पण पुठ्ठे आणि पत्रिका यांचा तुटवडा नाही.

एक गाऱ्हाणे मात्र मांडतो. स्नेहसंमेलनाच्या चित्रप्रदर्शनात बालवर्गाच्या नावाखाली जे लागते त्यातले पुष्कळसे मोठ्यांच्या हातचे असते. हे एकट्या आपल्या संस्थेचे नाही, सर्वत्र चालते. पाहुणे येतात, वाहवा करतात, आणि ते मूल आपल्या नावाच्या चिठ्ठीखालचे अनोळखी चित्र पाहत उभे राहते. यंदाच्या प्रदर्शनात बालवर्गाची भिंत फक्त खरवडचित्रांची असावी आणि तिच्यावर मोठ्या माणसाची एकही रेघ नसावी, अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे. चित्र कोणत्या बाजूने टांगावयाचे हेही मुलालाच विचारावे. लोकल उलटी निघाली तर उलटीच टांगावी.

त्यासाठी पुठ्ठे लागतील. चाळीस मुलांच्या वर्गाला प्रत्येकी तीन म्हटले तरी एकशेवीस. ज्यांच्या घरी लग्नपत्रिका साठल्या आहेत त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या बालवर्गात आणून द्याव्यात. वेल्हाळ नक्षी उठविलेल्या किंवा मखमल लावलेल्या नकोत. एक बाजू कोरी, गुळगुळीत आणि जाड असलेल्याच हव्यात. ज्यांवर पवित्र वचने छापलेली असतील त्या पत्रिका आपल्या घरीच ठेवाव्यात. आणि शक्य असेल तर सोबत एखादा जुना सदरा धाडावा, लांब बाह्यांचा.